खालापूरच्या माळावर वसंता बोलला

वसंताचा आवाज आधी गेला होता.
माणूस काल गेला.

मधली गोष्ट सांगायची आहे. ती जिंकल्याची गोष्ट आहे. रडत सांगितली तर वसंता वरून शिव्या घालील.

वसंता कडावचा. दुधाचा धंदा. शाळेत माझ्या बाकावर बसायचा.
कवितेचा अर्थ बाई मला विचारायच्या. म्हणायला मात्र वसंताला उभं करायच्या. त्याने चाल धरली की शेजारचा वर्गसुद्धा गप्प व्हायचा. मी खिडकीबाहेरची भाताची खाचरं बघत ऐकायचो आणि वाटायचं, ती कविता तिथेच कुठेतरी उगवली असणार.

मोठेपणी त्या गळ्याला माइक मिळाला. कर्जत-खालापुरात क्रिकेटची टुर्नामेंट कुठेही असो, कॉमेंट्रीला वसंता. खेळ सुमार असला तरी लोक त्याच्यासाठी बसून राहायचे.

मग घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं.
गाठ गेली, वसंता वाचला. पण बोलायला लागला की फरशीवरून पत्रा ओढत नेल्यासारखं वाटायचं.

तरी तो कळंबच्या टुर्नामेंटला माइकवर बसला. दोन वाक्यं बोलला असेल. साउंडवाला धावत आला आणि त्याने स्पीकर बदलला.
त्या बिचाऱ्याला खरंच वाटलं, स्पीकर फाटलाय.

कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.
वसंताने माइक खाली ठेवला, टेंपो काढला आणि घरी गेला.

त्यानंतर दोन वर्षं तो चारचौघांत बोलला नाही. डेअरीवर बोटांच्या खुणांनी काम. लग्नांना जाणं बंद. माझ्याशी बोलायचा, तेही कोणी नसताना.

त्याची मुलगी शिल्पा, खोपोलीला नर्स. तिला हेवी मेटलचं वेड, ते घसा फाडून गायचं संगीत. एकदा तिने आपला हेडफोन बापाच्या कानावर चढवला.
"बाबा, ऐक. असा आवाज काढायला हा माणूस वर्षानुवर्षं रियाज करतो."
वसंता बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "येडा हाय का त्यो?"
दुसऱ्या दिवशी हेडफोन त्यानेच मागून घेतला.

पुढची पाळी माझी.
"ए कवी, बस हितं. ऐक."
"वसंता, डोकं उठलं रे."
"उटू दे. तुजं डोकं कदी बसल्यालं?"

पहिले काही दिवस मला नुसता गोंगाट ऐकू आला. एक दिवस गिटारचा घोडा दौडायला लागला आणि माझी बोटं आपोआप मांडीवर लघु-गुरू मोजू लागली. एक गुरू, दोन लघू. भ गण, पुन्हा भ गण, पुन्हा भ गण. यती घ्यायला जागाच नाही. त्या दिवसापासून मीही फॅन.

खालापूरच्या पुढे एका फार्मच्या माळावर मेटल फेस्टिवल होता. हिवाळ्याचे दिवस. शिल्पाने तिकिटं काढली, दुधाचा टेंपो धुतला आणि पनवेलची तिची सगळी गँग मागे बसवली. सगळे काळ्या टी-शर्टात. आम्हा दोघांसाठीही तसेच टी-शर्ट आणले होते. मी आत थर्मल घातला होता. मुलांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

स्टेजसमोर पोरं गोल करून एकमेकांवर आदळत होती. मला वाटलं, मारामारी.
शिल्पाचा मित्र मंदार म्हणाला, "नाही काका. इथे कोणी पडलं की आधी त्याला उचलायचं. रूल आहे."
हे बाकी जगात कुठे चालतं, सांगा मला.

उन्हं उतरली तेव्हा मुख्य बँड आला. एका गाण्याच्या मध्येच गायक खाली उतरला आणि कठड्याशी उभ्या असलेल्यांच्या तोंडासमोर माइक धरत चालला. प्रत्येक जण एक डरकाळी फोडायचा. मग पुढचा.

वसंताने माझा दंड घट्ट पकडला.
"कवी, मी जातो मागं."
"का?"
"माज्याकडं येतंय ते."
शिल्पा त्याच्या मागेच उभी होती. ती हलली नाही. मीही हललो नाही.

माइक आला.


गायक थांबला. ड्रमवाला हळू वाजवत राहिला. सगळा माळ वाट बघतोय.

आणि वसंता बोलला. डरकाळी नाही. कॉमेंट्री.

"बॉलर भिसेगावचा... बॅटवर कडाव... बॉल हवेत... हवेत... अजून हवेतच हाय रं..."

तोच फाटका आवाज. पण त्या स्पीकरमधून तो असा निघाला, जणू डोंगर घसा खाकरतोय. कोणी स्पीकर बदलायला धावलं नाही.

"...आनि गेला भातात. शिक्स."

त्यानंतर जो कल्ला उठला तो मला शब्दांत पकडता येत नाही, आणि जन्मभर मी शब्दांच्याच मागे आहे. अनोळखी पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. गायकाने हात जोडले. शिल्पा रडत होती आणि नाचत होती. मी माझ्या गुडघ्यांना न विचारता उड्या मारल्या.

पुढच्याच सीझनला वसंता कॉमेंट्रीच्या मांडवात माइकवर बसला. त्याच आवाजात. पनवेलहून काळे टी-शर्ट टुर्नामेंटला यायला लागले, ज्यांना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. गेल्या महिन्यात कळंबची फायनल त्यानेच केली. मध्ये एकाने विचारलं, "दादा, दमलात? देता का माइक?"
"दमला आसशील तर तू बस," वसंता म्हणाला. माइकवरच.

काल स्मशानात अग्नी शिल्पाने दिला. गावातल्या एका ज्येष्ठांनी सांगितलं, आता दोन मिनिटं शांतता पाळू या.
शिल्पा म्हणाली, "नको काका. बाबा दोन वर्षं गप्प होता. तेवढी शांतता पुरे."

मग आम्ही सगळ्यांनी, गावाने आणि पनवेलच्या पोरांनी, त्याच्या नावाने जो आवाज केला तो रस्त्यापर्यंत गेला असणार. ज्येष्ठसुद्धा ओरडले. मी पाहिलं.

वसंता, येतो रे.
तुला भावपूर्ण आणि मोठ्या आवाजात श्रद्धांजली.