बाबांचा धोटा आणि जर्मन पाणबुडी

मला सवत आहे, आणि ती जर्मन आहे. महायुद्धातली पाणबुडी.

हे हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि प्रतापनगरच्या आमच्या बाल्कनीत तिची लाकडी प्रतिकृती करत बसले. तिची अख्खी नोकरी काही महिन्यांची. एकही जहाज बुडवलं नाही. दुसऱ्याच फेरीत विमानानं गाठलं आणि सगळ्या माणसांसकट तळाला गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे तिची गोष्ट सांगतात, आणि सांगताना डोळे पुसतात. माझे बाबा गेले तेव्हा मात्र हे शिफ्ट संपवून मगच आले होते. मला जळफळाट होतो, खोटं कशाला सांगू.

मीही उमरेडला सात वर्षं बाबांच्या शेजारी मागावर बसले. लग्न ठरलं आणि अर्धं लुगडं तसंच सोडून उठले. त्याबद्दल यांनी कधी एक प्रश्न विचारला नाही.

परवा हे भाजी आणायला गेले. रागानं मी त्या बोटीला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी उचलली आणि पाण्याच्या टबात टाकली. बुडायची एवढी हौस आहे तर बूड. पण वरच्या मनोऱ्याच्या वजनानं ती पालथी झाली आणि तरंगत राहिली. पोटाला अजून रंग लागायचा होता. तिथं तीन काळे डाग दिसले.

आमच्याकडे प्रत्येक विणकर आपल्या धोट्याला तापल्या सळईनं डाग देई, म्हणजे एकमेकांचे धोटे बदलत नसत. होडीच्या आकाराचं ते लाकूड, पोटात सुताची कांडी, दिवसभर या हातातून त्या हातात. तीन डाग बाबांचे.

हे पिशवी घेऊन दारात आले.

"बाबाचा धोटा तुमच्याजवळ कसा जी?"

यांनी बोट पाण्यातून काढून टॉवेलात पुसली. "त्यायनंच देल्ला वं, लग्नाच्या दिवशी. म्हणे, तिले दाखवू नोका. दिसला तर पोरगी परत मागावर येऊन बसन. म्हून त्याचीच बोट केली."

बोटीवरचा राग तिथंच विरला. मी ती यांच्या हातून घेतली, उजव्या हातातून डाव्यात टाकली, डाव्यातून उजव्यात. हात काही विसरले नव्हते.

आता यांचाच हेवा वाटतो. बाबांनी मला बरोबर ओळखलं होतं, आणि सांगितलं मात्र यांना. बोट मी अजून परत दिलेली नाही.