काचेच्या कांडीसारखी धार

श्रीमंत औटी सुप्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी घेतली. उभं आयुष्य पाइप जोडण्यात गेलेला माणूस रिकामा बसणार कसा? महिनाभरात त्यांनी गल्लीतले सगळे गळके नळ दुरुस्त केले, आणि मग ते मालनबाईंच्या हमरस्त्यालगतच्या रसवंतीत येऊन बसू लागले.

तिथंच एकदा मोबाईलवर त्यांनी एक कारंजं पाहिलं. पाण्याची धार अशी स्थिर, की काचेची कांडी वाकवून ठेवलीय असं वाटावं. रसवंतीपुढं असं कारंजं उडवायचंच, हे त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं.

पहिल्या प्रयत्नात त्यांनी मोटरीला सरळ नळी जोडली. पाणी फुरफुरत सुटलं, हातभर गेलं आणि फुटलं. बाकडी भिजली, राहात्याहून पुण्याला निघालेलं एक जोडपंही भिजलं.

"धंदा बुडवायचा आसंल तर तसं सांगा, मी दुकानच बंद करते," मालनबाई म्हणाल्या.

त्यांची मुलगी सृष्टी नगरला इंजिनिअरिंग शिकते. रविवारी घरी आल्यावर तिनं वडिलांना बेसिनपाशी नेलं आणि नळ जरासाच सोडला. दोऱ्यासारखी नितळ धार पडू लागली. हलतेय की नाही तेही कळेना. मग तिनं नळ पूर्ण सोडला. पाणी पांढरं झालं, आवाज करू लागलं.

"मघाशी पाण्याचे थर एकमेकांवरून सरळ सरकत होते, पप्पा. आता भोवरे पडून सगळे एकमेकांत घुसलेत."

श्रीमंतांना नेमकं काय करायचं ते उमगलं. मोटरीचे हादरे नकोत म्हणून त्यांनी ती काढून पाण्याचा ड्रम उंचावर ठेवला. ड्रममधून येणारं पाणी जाड पाइपात घेऊन आधी स्पंजातून गाळायचं, मग बारीक नळ्यांच्या जुडीतून पुढं सोडायचं, म्हणजे आतले भोवरे मोडतील, असं दोघांनी ठरवलं. नळ्या म्हणून सृष्टीनं दुकानातल्या कागदी स्ट्रॉ भरल्या. घटकाभरात त्यांचा लगदा होऊन बाहेर आला. बापलेक हसून हसून खाली बसले. शेवटी श्रीमंतांनी ठिबक सिंचनाच्या बारीक नळ्या वीतभर कापून जुडी केली आणि पाइपाच्या तोंडाला भोक पाडलेली पितळेची चकती बसवली. तिच्या भोकाची कड त्यांनी दोन दिवस घासली.

बुधवारी सकाळी वारा पडलेला होता. त्यांनी कॉक हळूच सोडला. मालनबाई ऊस सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"पानी चालू हाय का बंद हाय?"

"हात लावून बघ."

त्यांनी बोट घातलं. कांडी फुटली, तुषार तोंडावर उडाले. बोट काढताच धार पुन्हा जशीच्या तशी उभी. त्यांनी परत बोट घातलं, परत काढलं. मग ऊस बाजूला ठेवून पदर तोंडाला लावला आणि इतक्या हसल्या, की श्रीमंतांनाही हसू आवरेना आणि कॉक धरून उभं राहणं अवघड झालं.

दुपारपर्यंत रसवंतीसमोर गर्दी जमली. एसटीचा कंडक्टर फोटो काढायला उतरला, त्याच्यामागून प्रवासी उतरले. तेवढ्यात वारा सुटला आणि धार विस्कटली. श्रीमंतांचा चेहरा पडला. ते घाईनं कॉक फिरवायला धावले, तर मालनबाईंनी त्यांना अडवलं.

"ऱ्हाऊ द्या की. वारं पडल्यावर व्हईल परत सरळ. तवर लोकं रस पित्यात." त्यांनी श्रीमंतांच्याही हातात एक ग्लास दिला. "आन दुसरं कवा करताय? त्या बाजूला लई मोकळं दिसतंय."