बायकांच्या न्हाणीघराचं पाणी

नळाचं काम मी हौस म्हणून शिकले नाही. बायकांच्या न्हाणीघरात पुरुषाला जाता येत नव्हतं, म्हणून मला शिकवलं.

शेगावात स्टेशनाच्या रस्त्यावर एका सेठाने यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली होती. माझे वडील तिची देखरेख करत आणि आम्ही तिथल्याच मागच्या खोलीत राहत होतो. मी नुकतीच चौथी पास झाले होते. पुढे मुलींची शाळा नव्हती, आणि असती तरी मला कोणी घातलं नसतं. तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, मोठा साहेब नागपूरला बसायचा. उन्हाळ्यात त्याचा कोणी माणूस येऊन आमच्या विहिरीत पटकीचं लाल औषध टाकून जायचा. मग सेठाच्या मनात आलं की विहिरीवर इंजिन बसवावं, गच्चीवर टाकी बांधावी आणि खाली नळ आणावेत. यात्रेकरूंनी विहिरीत आपापले दोर-बादल्या सोडू नयेत, एवढंच.

त्या कामाला गावातला एक मुसलमान मिस्त्री लावला. वयस्क माणूस, कमरेत वाकलेला, तोंडात सदा पान. मी त्याला चाचा म्हणायची. पुरुषांच्या बाजूचं काम सरळ झालं. बायकांच्या बाजूला मात्र यात्रेकरणी उतरल्या की चाचाला दारातच थांबावं लागे. आतला नळ गळतो की मोरी तुंबली, हे कोणी बाई बाहेर येऊन सांगे, आणि तिला धड सांगता येत नसे. चाचा वैतागला. एक दिवस तो वडिलांना म्हणाला, "दिवाणजी, तुमची पोरगी देऊन टाका मले. लिवनंवाचनं येते तिले. मी गेल्यावर या बायकांचं पानी कोन पाहीन? तुम्ही जासान का अंदर?"

वडील हसले. धर्मशाळेच्या पंचांना विचारलं. पंच म्हणाले, पोरगी काम पुरतं शिकली तर बायकांची बाजू तिच्याकडे सोपवू, महिन्याचं काहीतरी ठरवू. लग्न गावातच झालं तर पुढेही चालू ठेवू. मायनं तोंड वाकडं केलं, पण नाही म्हणाली नाही.

मला ते काम हवंसं झालं. का, ते मी आजही गोड करून सांगणार नाही. घरात भांडी घासायची आणि कोणी सांगेल तिकडे जायचं, यापेक्षा ते बरं होतं. एवढंच कारण.

चाचा शिकवायचा चांगलं, पण शिव्या देत शिकवायचा. आधी त्यानं नळाचं तोंड हातात दिलं आणि त्यावरच्या आट्यांवरून बोट फिरवायला लावलं. त्या आट्यांना तो चुडी म्हणायचा. "चुडीवर सुतळी गुंडाळ, मंग सफेदा लाव. उलटी नको गुंडाळू बे, पान्हा फिरवला का निघून जाईन." बे तो पोरांना म्हणायचा, आणि मलाही म्हणायचा. मला ते आवडायचं. चुडी घासून गेली, नट नुसता फिरत राहिला आणि बसेना, की तो म्हणायचा, "मेली चुडी. आता फेक." नव्या नळाला आट्या कापणं म्हणजे चुडी पाडणं.

मोरीचा उतार त्यानं हातानं शिकवला. एका हाताच्या लांबीला एक बोट उतार. त्याहून कमी केला तर गाळ बसतो, जास्त केला तर पाणी पळून जातं आणि गाळ मागे राहतो. मोरीच्या नळाला वर एक उघडं तोंड ठेवायचं, नाहीतर घाण हवा परत न्हाणीत येते. एकदा भिंतीवरचा नळ मी खिडकी चुकवायला मध्येच वर चढवून पुन्हा खाली आणला. पाणीच येईना. मला वाटलं कचरा अडकला, म्हणून मी नळ ठोकत बसले. चाचा पान थुंकून म्हणाला, "कचरा नाही, तुही अक्कल अडकली. वरच्या वाकड्यात हवा बसली. पान्याले जागा दे, हवेले रस्ता दे." मग सगळा नळ उतरवून मला पुन्हा बसवायला लावला. भिंतीवर किती भोकं पडली त्याचा सेठाने आरडाओरडा केला, तो चाचानं स्वतःवर घेतला.

न्हाणीघर मला पुरतं येऊ लागलं. इंजिन आणि गच्चीवरची टाकी तेवढी राहिली होती. ते आलं की पंच शब्द पाळणार होते.

तेवढ्यात सोनाळ्याचं स्थळ आलं.

खाऊनपिऊन सुखी घर होतं. मुलाची आई आणि मामा बैलगाडीनं आले. मायनं मला नवं लुगडं नेसवलं, मान खाली घाल म्हणून बजावलं, आणि पाहुणी अजून बसलीही नव्हती तोच तिला इहीनबाई म्हणायला लागली. वडिलांना धर्मशाळेचे नळ दाखवायची हौस. ते म्हणाले, "इथं पाय धुवा, नळाचं पानी हाये."

मुलाच्या आईनं अंगणातल्या नळाची तोटी फिरवली. पाणी आलं. बंद करायला गेली तर बंद होईना. तोटी नुसती गरगर फिरत राहिली आणि पाणी तिच्या पायावर, लुगड्यावर उडायला लागलं. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. मी पुढे झाले.

"थांबा बाई, जोर नका लावू. चुडी मेली."

तिचा हात थांबला. "काय म्हनलंस वं पोरी?"

मला वाटलं, पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नाही. म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, "चुडी मेली, चुडी!"

चुडी म्हणजे बांगडीही, आणि आमच्याकडे बांगडी फुटली असं कोणी बाई बोलत नाही. काच तुकडे होऊन जमिनीवर पडली तरी बांगडी वाढली म्हणायचं. सवाष्णीचा चुडा म्हणजे तिचा नवरा. आणि मी, लग्नाची पोरगी, ज्या घरात जायचं त्या घरच्या बाईसमोर, चुडी मेली म्हणून दोनदा ओरडले होते.

मामा ओट्यावरून उठला. "कोनाची चुडी मेली म्हंते ते?"

"नळाची," मी म्हणाले. "पानी बंद कराची चुडी. आमचे चाचा चुडीच म्हंतात. मले पाडता येते चुडी, दाखवू का?"

"कोन चाचा?"

"मिस्त्री चाचा."

मुलाच्या आईनं ओलं लुगडं पिळता पिळता माझ्या मायकडे पाहिलं. "पोरगी मिस्त्र्याच्या हाताखाली जाते काय हो?"

"नाही वं इहीनबाई," माय म्हणाली, "लेकरू हाये, खेळते तिथं."

"खेळत नाही," मी म्हणाले. "शिकून राह्यली."

पोहे कोणी खाल्ले नाहीत. गाडी जुंपेपर्यंत नळ वाहतच होता. मी आत जाऊन टाकीकडून येणाऱ्या नळाचा कोक, ती मोठी तोटी, बंद केला, तेव्हा थांबला. मला शाबासकी नको होती, पण त्या अंगणात तेवढं एकच काम त्या वेळी कोणीतरी करायला हवं होतं.

नंतर मायनं मला मारलं नाही. ती म्हणाली, "गावभर होईन आता. म्हनतीन, पोरगी आपल्या तोंडानं रांडाव होऊन बसली." वडील सरळ चाचाकडे गेले. मीही मागे गेले.

"उद्यापासून पोरगी येनार नाही," वडील म्हणाले.

चाचा गच्चीवरून उतरत होता. त्याला सगळं कळलं होतं. शब्द त्याचाच होता. तो सोनाळ्याच्या लोकांना जाऊन सांगू शकत होता, निदान वडिलांना तरी सांगू शकत होता की तो कामाचा शब्द आहे, पोरीचा काय दोष. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यानं पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "घरचा मामला हाये दिवाणजी. तुमची मर्जी." माझ्याकडे पाहिलंही नाही. कोणी म्हणेल, त्या काळात मुसलमान माणसानं दुसऱ्याच्या घरच्या सोयरिकीत तोंड घातलं असतं तर त्यालाच महाग पडलं असतं. पडलं असतं. मला हे समजतं. पण म्हणून त्याच्यावरचा राग काही कमी झाला नाही.

पंचांनीही विचारलं नाही. माझ्या जागी दुसऱ्या कोणाला शिकवलंही नाही.

माझं लग्न जानेफळला झालं, एका बिजवराशी. त्याची पहिली बायको गेली होती, त्याला शब्दाची फिकीर नव्हती, घरात पाणी भरायला माणूस हवं होतं. पाणी गावाबाहेरच्या विहिरीवरून. तिथं नळ नव्हता आणि नळाबद्दल कोणी बोलतही नव्हतं. मी एकदा सासूला म्हणाले की मोरीला उतार उलटा आहे, पाणी चुलीकडे येतं. ती म्हणाली, येऊ दे, एवढी वर्षं येतेच आहे.

पहिल्या बाळंतपणाला मी शेगावला आले. दिवस भरत आले होते. सकाळी आंघोळीला निघाले तर बायकांच्या न्हाणीघराला कुलूप. माय म्हणाली, आतला नळ केव्हाचा फुटला, भिंत ओली झाली, त्या बाजूला सदा बायका, मिस्त्र्याला आत कोण नेणार, म्हणून पंचांनी कुलूप घातलं. यात्रेकरणी बाहेर विहिरीपाशी न्हायच्या, एकमेकींना लुगड्याचा आडोसा धरून. पुरुषांचं न्हाणीघर चालू होतं. चाचा येऊन ते नीट करून जायचा.

मी वडिलांकडे किल्ली मागितली. "पाहू तर द्या. सांध्याचंच काम असंन. पान्हा द्या, मी बसून करतो."

"या पोटानं?" वडील म्हणाले. "अन् लोक काय म्हनतीन?"

"लोक उघड्यावर न्हाऊन राह्यले, ते काय म्हंतात?"

ते उठून फाटकाकडे गेले. किल्ली त्यांच्या कमरेलाच होती.

माय बादली घेऊन आली. मी विहिरीपाशी दगडावर बसले. तिनं दोन्ही हात पसरून माझ्यासमोर लुगडं धरलं. सकाळचा वारा होता, लुगडं उडून उडून बाजूला जात होतं, आणि माय वाऱ्याला शिव्या देत होती.