उकरून बघायचं नाही

डाळिंबाच्या बुंध्याशी बुरशी घातली की खाडे सर मागे वळून बघत नसत. उतारा ठेवून यावं तसे नाकासमोर चालत बांधावर येत. कृषी महाविद्यालयात ते आम्हाला वनस्पतींचे रोग शिकवत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. एवढा शिकलेला माणूस असं वागतो, याची मला भीतीच वाटे.

त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं ते अजून अंगावर येतं. बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांना बारीक कड्या होत्या. मुळांत शिरून गाठी करणारा सूत्रकृमी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा किडा, वळवळत एका कडीत शिरला. कडी फुगली, आवळली. तो तडफडला, थांबला. मग धागे त्याच्या आत शिरले.

"किड्याची चाहूल लागली की मगच ती फास करती," सर हळूच म्हणाले. "आंधळी हाय, पर चुकत न्हाई."

माण तालुक्यातल्या आमच्या डाळिंबाच्या बागेची मुळं तेव्हा गाठींनी भरली होती. झाडं पिवळी पडत होती. बाग गेली तर वडिलांना मुंबईला हमाली करावी लागणार होती. सरांनी शिजवलेल्या जोंधळ्यावर तीच बुरशी वाढवून पिशवी दिली. धान्य वाया जाऊ नये म्हणून आईने ते धुऊन उन्हात वाळत घातलं!

सर आले, बघून हसले. "आवं वैनी, तिला ऊन सोसत न्हाई. मारलीसा की!"

"मला काय ठावं? म्हटलं, मास्तर नासका जोंधळा देऊन गेलं."

दुसरी पिशवी सरांनी स्वतः तिन्हीसांजेला शेणखतात कालवून मुळाशी घातली, वर माती लोटली आणि निघाले. मी मागे वळू लागलो तसा त्यांनी माझा दंड धरला.

"बघायचं न्हाई गड्या. बघितलं की उकरावं वाटतं, आन् उकरलं की ऊन लागतं. मी सांगीन तवा उकर."

ते सांगण्याआधीच सर गेले. म्हसवडजवळ त्यांच्या गावी अग्नी दिला. रिवाजाप्रमाणे सगळे मागे न बघता परतले. मला फार वळावंसं वाटलं. तेवढ्यात दंडावर बोटं आवळल्यासारखं झालं.

बागेला पालवी फुटली. वडील गावातच राहिले.

"एकदा मुळी बघ की रं," आई म्हणते. मी खुरपं घेऊन बुंध्याशी बसतो. ओल्या मातीतून सरांच्या प्रयोगशाळेचा वास येतो. खाली अंधारात कुणीतरी कामात आहे.

खुरपं तसंच उचलतो आणि मागे न बघता बांधावर येतो.