अक्कांची विहीण आणि आमचं स्पॅनिश

ज्या वर्गात सगळ्यांना सगळं समजतं तिथं किस्से होत नाहीत, नुसते मार्क पडतात. आमच्या स्पॅनिशच्या वर्गात कुणालाच काही समजायचं नाही. त्यामुळं कोर्स संपेपर्यंत किस्से इतके साठले की आता आम्ही भेटलो की कुठला आधी सांगायचा यावरनंच भांडणं होतात. म्हणून आज एकदाचे सांगून टाकते. क्रम माझा आहे, बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही.

सोलापुरात राहून स्पॅनिश कशाला, हे मला घरच्यांनी विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, वर्गाला सोडणाऱ्या रिक्षावाल्यानंही विचारलं. चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी एक्सपोर्टचं ऑफिस सांभाळते. आमचा माल चिली, मेक्सिको असा लांब लांब जायला लागला आणि तिकडनं येणारे मेल काही केल्या वाचता येईनात. मालकांनी सगळ्या स्टाफवरनं एक नजर फिरवली आणि म्हणाले, "सुलभाताई, तुम्ही शिका. तुम्हाला बोलायची आवड आहे."

गावातल्याच एका कॉलेजनं नुकताच संध्याकाळचा बिगिनर्स कोर्स काढला होता. वयाची अट नाही, शिक्षणाची अट नाही, कुणीही या. मग काय, आम्ही गेलो.

*

शिकवायला हिरेमठ सर. मूळचे अक्कलकोटकडचे, घरी कन्नड, पुण्यात राहून स्पॅनिश शिकलेले. माणूस अगदी सज्जन, पण स्पेन त्यांनीही बघितलेला नव्हता. "सर, तिकडं कसं असतं हो?" असं विचारलं की म्हणायचे, "पुस्तकात आहे तसंच असणार."

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, स्पॅनिश का शिकायचंय. मोहोळचा बालाजी बीएस्सीला होता. तो म्हणाला, "क्रेडिट पायजेत सर. दुसऱ्या कोर्सला जागाच शिल्लक न्हाय." इरफानभाईंची ट्रॅव्हल्सची गाडी आहे. ते म्हणाले, "फॉरेनर आले तर बाकीच्या ड्रायव्हरांच्या आधी मीच बोलणार."

सरांनी कौतुकानं विचारलं, "येतात का फॉरेनर?"

"अभी तक तो नहीं आए."

शेवटच्या बाकावर पद्माक्का होत्या. साठीच्या, विणकराच्या घरातल्या, घरी तेलुगू. दोन्ही हातांनी पर्स धरून बसलेल्या. त्या म्हणाल्या, "सर, मला सर्टिफिकेट नको. मला विहिणीशी बोलायचंय. आणि मधे पोरगा नको."

अक्कांचा व्यंकटेश स्पेनमध्ये नोकरीला. त्यानं तिथलीच मुलगी पसंत केली होती, लुसिया नावाची, आणि दोघं तिथंच राहणार होते. थंडीत मुलीची आई सोलापूरला घर बघायला यायची होती. आतापर्यंत दोघी विहिणी व्हिडिओ कॉलवर बोलायच्या, मधे व्यंकटेश. "मी लई वेळ बोलते आणि हा दोन शब्दांत आटपतो," अक्का म्हणाल्या. "माझं बाकीचं बोलणं कुठं जातं?"

सर म्हणाले, "पण अक्का, बोलायचंय काय नेमकं?"

"मुलीची आई लग्नात म्हणते ना, लेकरू तुमच्या पदरात घातलंय, सांभाळून घ्या. ते म्हणायचंय."

बालाजी गोंधळला. "अक्का, पर तुमी पोराची आई हाय की."

"व्हय. पण जाणार कोण आहे? माझाच जातोय ना त्यांच्यात. मग कुणी म्हणायचं?"

सरांनी डस्टर घेतलं, कोरा फळा पुसला आणि म्हणाले, "आधी आपण होला शिकू. म्हणजे नमस्कार."

*

पहिला धडा ओळख करून घेण्याचा. नाव विचारा, गाव विचारा, काम विचारा, आवड विचारा, असे क्रमानं प्रश्न. मी आणि बालाजी जोडीला. मी स्पॅनिशमधून नाव विचारलं, त्यानं सांगितलं. गाव विचारलं, त्यानं सांगितलं, मोहोळ.

आता मोहोळला माझी धाकटी नणंद दिलेली. मी मराठीत घसरले. "मोहोळात कुठं रे?" तो म्हणाला, अमुक ठिकाणी. म्हटलं, म्हणजे नणंदेच्या घराच्या मागं. तो म्हणाला, "त्या काकू व्हय? त्यांच्या शेळ्या आमच्या बांधावर येत्यात की." मग त्या शेळ्यांवरनं आमचं जे सुरू झालं ते तास संपेपर्यंत.

सरांनी पुढच्या वेळी जोड्या बदलल्या. इरफानभाईंना अक्कांसमोर बसवलं. त्यांचेही दोन प्रश्न झाले आणि अक्कांच्या यजमानांनी विणलेल्या लुंग्या इरफानभाईंचे वडील बाजाराला न्यायचे असं निघालं. 'तुमची आवड काय' या प्रश्नापर्यंत आमच्या वर्गातलं कुणीही कधीच पोचलं नाही. मला आजही तो प्रश्न येत नाही.

*

ऑक्टोबरात सरांनी होमवर्क दिला. रोजचं हवामान स्पॅनिशमध्ये एका वाक्यात लिहून आणायचं, आठवडाभर. सोमवारी वह्या तपासल्या आणि सर भडकले. सगळ्यांच्या वह्यांत रोज एकच वाक्य होतं, आसे कालोर, म्हणजे गरम होतंय. "कुणी कुणाचं कॉपी केलंय ते सरळ सांगा," म्हणाले.

इरफानभाई म्हणाले, "सर, गरमी का क्या कॉपी करना?" तेवढ्यात लाइट गेली. पंखे थांबले. सर शर्टाचं वरचं बटण उघडत व्हरांड्यात गेले, थोडा वेळ उभे राहिले, रुमालानं मान पुसत आत आले आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊन टाकले.

*

माझा स्वतःचा किस्सा सांगायला मला आवडत नाही, पण मी नाही सांगितला तर इरफानभाई मीठमसाला लावून सांगतात.

आमच्या कारखान्यात नवीन मशीन आलं, ते बसवायला स्पेनचा इंजिनिअर आला. मालकांनी मला पुढं केलं. मी नमस्कार केला, होला म्हटलं, आणि पुढं काय बोलायचं ते सुचेना. मग आपण कुणालाही भेटल्यावर जे विचारतो तेच विचारलं, "जेवलात का?" अर्थात स्पॅनिशमध्ये. वाक्य शंभर टक्के बरोबर होतं.

तो म्हणाला, नाही. आणि उभाच राहिला.

मीही उभी. थोड्या वेळानं लक्षात आलं की हा माणूस आता जेवायला नेण्याची वाट बघतोय. डबा उघडला, भाकरी आणि शेंगाचटणी दिली. त्यानं घाम पुसत पुसत खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो समोर आला आणि सवयीनं माझ्या तोंडून परत तेच गेलं. त्याच्या पुढच्या दिवशी जीभ चावायच्या आत परत. मशीन चालू होईपर्यंत तो माझा डबा खात होता आणि मी कॅन्टीनचा वडा. जाताना त्यानं मालकांना सांगितलं की इतकं प्रेमळ ऑफिस त्यानं कुठंच बघितलं नाही. घरी नवरा विचारायचा, "अचानक दोन भाकरी जास्त का लागतात?" काय सांगणार?

*

एकदा धडा होता तिकडच्या दिनक्रमाचा. दुपारी दुकानं बंद करून माणसं झोपतात, त्याला सिएस्ता म्हणतात, हे सर फार रंगवून सांगत होते. अक्का म्हणाल्या, "दुपारी झोपायचं. यात शिकायचं काय आहे?"

पुढच्या ओळीत होतं की तिकडं रात्री दहाला जेवतात. अक्कांचा चेहरा एकदम उतरला. "दहाला? माझं पोरगं दिवे लागले की ताटावर बसायचं. मग ते दहापर्यंत करतं काय?"

सरांनी पुस्तक उलटंसुलटं केलं. "असं काही दिलेलं नाही अक्का."

त्या दिवशी अक्कांनी पुढचं काहीच लिहून घेतलं नाही. बाहेर पडताना मला म्हणाल्या, "बघ, एवढं साधं मला माहीत नाही. तो कधीच सांगत नाही. विचारलं की म्हणतो, आई, सगळं मस्त आहे." मी त्यांना रिक्षात बसवलं.

*

तोंडी परीक्षेला पुण्याहून मॅडम आल्या होत्या. प्रसंग दिला, पाहुणा घरी आलाय, त्याला कॉफी विचारा. यजमान इरफानभाई, पाहुणा बालाजी. पुस्तकात पाहुणा लगेच 'हो, प्लीज' म्हणतो आणि संवाद पुढं सरकतो.

इरफानभाईंनी झकास स्पॅनिशमध्ये विचारलं, कॉफी घेणार?

बालाजी म्हणाला, "नो, ग्रासियास." नको, धन्यवाद.

मॅडमनी भुवया वर केल्या. इरफानभाईंनी परत आग्रह केला. बालाजी लाजून परत "नो, ग्रासियास." आता पहिल्याच फटक्यात हो म्हणायला त्याची काय जीभ रेटेल? घरी काय वळण लावलंय असं म्हणतील ना लोक. मॅडम हळूच म्हणाल्या, "हो म्हण बाळा, पुढचे प्रश्न राहिलेत." तरी हा मान खाली घालून नकोच म्हणतोय.

शेवटी इरफानभाई स्पॅनिश सोडून ओरडले, "अरे पी रे, मार्कां जाते!"

बालाजी म्हणाला, "बरं. अर्धाच द्या."

मॅडमनी मार्कही अर्धेच दिले.

*

इकडं अक्कांच्या वाक्याचं घोडं पदरापाशी अडलं होतं. सरांनी बरीच पुस्तकं पालथी घातली, पुण्याला फोन केले. शेवटी म्हणाले, "अक्का, तिकडं पदर नसतो. बायका पँट घालतात. खिसा चालेल का?"

"पोरगं खिशात घालू?"

वर्गात चर्चा सुरू झाली. मी म्हटलं, ओंजळ. बालाजी म्हणाला, झोळी. इरफानभाई म्हणाले, "हाथ में दे दो ना अक्का, बात खतम." सर उडालेच. स्पॅनिशमध्ये खरंच तसं म्हणतात, माझा मुलगा तुमच्या हाती सोपवते. त्यांनी लगेच फळ्यावर लिहिलं.

अक्कांनी ते बराच वेळ वाचलं. "हातातनं सुटतं सर," म्हणाल्या. "पदरातनं सुटत नाही."

पण दुसरं काही मिळेना, तेव्हा तेच घोकायला घेतलं. बालाजीला विहीण करायचं. पार्किंगमध्ये, कॅन्टीनमध्ये, जिन्यावर, दिसेल तिथं त्याला थांबवून अक्का वाक्य म्हणायच्या आणि तो बिचारा मान डोलवून म्हणायचा, सांभाळते हो. त्याचे मित्र त्याला अजून विहीणबाई म्हणतात.

*

संक्रांतीनंतर व्यंकटेश आणि लुसियाबरोबर विहीणबाई आल्या. पिलार त्यांचं नाव. अक्कांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं, सरांसकट. "मागं बसा. अडलं तर सांगा." आम्ही भिंतीला टेकून रांगेत बसलो. खोलीत अक्कांच्या जावा, नणंदा, शेजारणी. पिलारबाई खुर्चीत, आखूड केसांच्या, पँट-शर्टात, सगळ्यांकडं बघून हसत होत्या. शेजारी लुसिया.

अक्कांनी आधी व्यंकटेशला बर्फ आणायला पाठवलं. तो म्हणाला, "आई, थंडीत बर्फ?" "जा म्हटलं ना." तो गेला.

मग ओटी भरायची. पण ओटी घ्यायला पदर लागतो, आणि पिलारबाईंना तो नव्हता. सगळ्या बायका विचारात पडल्या. अक्कांनी कपाटातनं एक नवाकोरा टॉवेल काढला, घरच्याच मागावरचा, आणि विहिणीच्या मांडीवर पसरला. कुंकू लावलं, टॉवेलात तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. मग हात जोडून वाक्य सुरू केलं.

"मि इहो," म्हणाल्या. माझा मुलगा. आणि पुढचं सगळं गेलं.

सरांनी मागनं हळूच शब्द सांगितला. अक्कांना ऐकूच गेला नाही. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि राहिलेलं त्या तेलुगूत बोलल्या, भराभर, बराच वेळ. सर राहिलेलं वाक्य स्पॅनिशमध्ये सांगायला अर्धे उठले. अक्कांनी मागं न बघता हातानं त्यांना खाली बसवलं.

पिलारबाईंचं हसू थांबलं होतं. त्या लेकीकडं बघून, मग अक्कांकडं बघून खूप काही बोलल्या, त्याही इतक्या भराभर की आमच्या रांगेत कुणाला अक्षर कळलं नाही. सरांना म्हणे एकच शब्द ऐकू आला, इहा, म्हणजे मुलगी. बोलता बोलता त्या उठल्या, टॉवेलाची चारी टोकं गोळा केली, अक्कांसमोर आल्या, आणि तांदूळ, नारळ, खण सगळं अक्कांनी घाईघाईनं पुढं केलेल्या पदरात ओतलं.

बालाजीनं माझा हात घट्ट धरला. अक्कांची थोरली नणंद कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, ओटी परत केली की गं तिनं."

अक्का पदराची दोन्ही टोकं धरून उभ्या होत्या. त्यांनी आत बघितलं, लुसियाकडं बघितलं, आणि पदर नीट आवरून कमरेला खोचला.

"परत कुठं केली?" म्हणाल्या. "लेक दिली तिनं."