फ्रिजची चावी देऊळघाटला

आमच्या लॅबमध्ये काम थोडं आणि वाट पाहणंच जास्त. मग किस्से साचणार नाहीत तर काय होणार!

आमचं काम पोटॅशियमचं. त्याला हवा लागली की खेळ खलास. म्हणून फॉस्फरसचे मोठमोठे गट त्याच्याभोवती बसवायचे, तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसे. बाळ नीट गुंडाळलं गेलंय की नाही, हे स्फटिक मिळाला आणि त्याचा एक्स-रे काढला तरच कळतं.

या फॉस्फरसवाल्यांचा वास कपड्यांतून जात नाही. एका शनिवारी आमच्या लॅबमधली रंजना बुलढाण्याहून घरी खामगावला निघाली, तर एसटीत शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. "पोरी, पिशवीत लसूण सडला काय वं?"

"नाही मावशी, पीएचडी आहे."

फ्लास्कमध्ये हवा शिरली की नारिंगी द्रावण पांढरं पडतं. त्या दिवशी कोणी कोणाला बोलायचं नाही आणि चहा सरांनी पाजायचा, असा आमचा रिवाज. रंजनामुळे सरांनी इतका चहा पाजला, की टपरीवाला आम्हाला बघूनच विचारायचा, "आजबी पांढरं झालं काय?"

रंजनाची फेलोशिप संपत आली होती आणि स्फटिकाशिवाय थिसिस अडला होता. शेवटचा फ्लास्क स्फटिक धरायला फ्रिजमध्ये ठेवला, पण रंजनाबाईंना धीर कुठला! तासातासाला काढायची, हलवायची, उजेडात धरायची. हलवलं की स्फटिक धरत नाही, हे आम्ही सांगून थकलो.

शेवटी सरांनी फ्रिजला कुलूप घातलं. "तू पाहून राह्यली म्हणून ते येत नाही. कोणी पाहून राह्यलं की मलेबी काही सुधरत नाही." आणि चावी घेऊन देऊळघाटला घरी गेले.

सोमवारी आले ते चावी दुसऱ्या शर्टात विसरून. रंजना दिवसभर फ्रिजसमोर स्टूल टाकून बसली. जेवली नाही.

मंगळवारी कुलूप उघडलं. फ्लास्कच्या तळाशी नारिंगी खडे चमकत होते. थर्मासात बर्फ भरून तिने फ्लास्क एक्स-रेसाठी नागपूरला नेला. ती परत आल्यावर तिकडून फोन आला, "स्ट्रक्चर मिळालं. पोटॅशियम मधोमध, चहूकडून झाकलेलं." रंजना रडली, आम्हीही रडलो. इतकं हलकं आम्हाला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. चहा त्या दिवशी टपरीवाल्याने पाजला.

थिसिस जमा झाला. पुढच्या आठवड्यात रंजनाने नवा फ्लास्क फ्रिजमध्ये ठेवला, स्वतःच कुलूप लावलं आणि चावी सरांच्या खिशात टाकली.

"सर, आज लवकर घरी जा. अन् उद्या शर्ट बदलून या."