बेंगलोर ते वाशीम, विमानानं

विमानाची गोष्ट म्हणलं की तुमाले वाटन, आता हा खिडकी सांगन, ढग सांगन. तसं काई नाई. मी अजून विमानात बसलोच नाई. विमानातल्या बाईचा आवाज तेवढा काढतो. आमच्या गावात, मेडशीत, त्या आवाजाले लय मागणी होती. आता काढत नाई.

मोठेबाबा, म्हणजे माह्या बाबाचे मोठे भाऊ, उन्हाळ्यात एका सकाळी गेले. त्यांचा एकुलता पोरगा, आमचा दादा, बेंगलोरले नोकरीले. फोनवर एवढंच म्हणे, "बाराचं विमान भेटलं. मले येऊ द्या, मंग न्या."

मोठीमाय उशाशी बसून एकच विचारून राह्यली होती, "कधी पोचन रे माहा लेक? बापाचं तोंड तं पाहाले भेटन न त्याले?"

मी मोबाईल काढला. एका साईटवर दोन्ही गावं टाकली. तिनं सरळ रेघ मारली अन् सांगतलं, आठशेक किलोमीटर, विमानानं दीड तास. वाशीमले विमान उतरतच नाई, हे मले ठावं होतं. पण साईटचा येडेपणा पाहून माहं तोंड थांबलं नाई. बाईच्या आवाजात म्हणलं, "बेंगलोर ते वाशीम, प्रवासाचा वेळ फक्त दीड तास. कृपया पट्टे बांधून घ्या."

मोठीमाय रडता रडता हसली. पदरानं डोळे पुसले. "दीडच तास? मंग आलाच म्हणा."

तिचं तोंड पाहून मले पुढचं सांगवलं नाई. दादा नागपूरले उतरन, तिथून गाडीनं पाच तास, हे गिळून टाकलं.

बाहेर मांडवात एक जण म्हणे, तालुक्यावरून, मालेगाववरून, बर्फाची पेटी बोलवा, सकाळपर्यंत ठेवता येते. मोठीमायनं आतून आवाज देला, "पेटी कायले? दीड तासात येते तो." मी मोबाईलवर पाह्यलं म्हणून बाबानंई खरं मानलं अन् पेटी नको म्हणलं. मातीची वेळ चार ठरवली अन् पाहुण्यांले फोन लावले. मी तिथंच पाण्याचा जग घेऊन उभा होतो.

अडीच-तीनले दादाचा फोन आला. नागपूरले टॅक्सीत बसला होता. बाबानं लगेच पेटीवाल्याले लावला, तं पेटी दुसऱ्या गावाले गेलती. ऊन असं, की ठेवाची सोय नव्हती. तरी साडेपाचपर्यंत थांबले. मंग त्रिशरण घेतलं अन् उचललं.

दादा आला तवा सरणाजवळ तीनच माणसं होती. बॅग पाठीवर, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. मले म्हणे, "थोडं थांबाचं होतं न."

चार दिवसांनी मी मोठीमायजवळ सारं कबूल केलं. ती तांदूळ निवडत होती. आवाज चढवला नाई.

"तुले ठावं होतं?"

"हो."

"मंग काहून नाई सांगतलं? मी अजून घडीभर रडली असती, पण पेटी तं आली असती. मले हसवाले कोणी सांगतलं होतं तुले? ऊठ. दादा मांगं बसला हाय, त्याले तूच सांग जाय. अन् बाईच्या आवाजात नको सांगू."